गाडीच्या पुढे ठोंबरेकाका

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की रायपुरात शहाणा माणूस दुपारचा घराबाहेर पडत नाही. कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात. अशा एका दुपारी मी ऑफिसातून लवकर परतले, तर आमच्या कॉलनीच्या बागेत एक माणूस ओव्हरकोट घालून फिरत होता. नुसता कोट असता तरी मी सोडून दिलं असतं. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात लोकरीचे हातमोजे आणि खांद्याला बायकांची पर्स. कोटही बायकांचाच होता, बटणं उलट्या बाजूला.

गेटवरचा चौकीदार माझ्या गाडीच्या काचेशी वाकून हळूच म्हणाला, "दीदी, अंकलजी को कुछ हो गया है क्या?"

"आज नहीं हुआ भैया," मी म्हटलं, "शुरू से ऐसे ही हैं."

पाण्याची बाटली घेऊन मी बागेत गेले. घामाने माणूस निथळत होता, पण चाल थांबली नव्हती.

"काका, हे काय चाललंय?"

"कोट पाहून राहिलो."

"आरशात पाहा की मग! या उन्हात काय दिसणार आहे?"

"वजन पाहून राहिलो बेटा. हा अंगावर घालून, पर्स सांभाळून, माणूस किती वेळ उभा राहू शकते ते. तिकडे लाइनीत उभं राहा लागते म्हणते रश्मी. सुमनचे गुडघे कसे आहेत, तुले माहीत आहे."

"अहो, पण कॅनडाला जायचंय काकूंना. कोट तुम्ही काहून घातला? आणि जायचंय नोव्हेंबरात!"

ठोंबरेकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझ्या शिक्षणाची लाज वाटावी. बाटलीतलं पाणी घटाघट प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "पयले मी पाह्यतो. मंग ती."

हे वाक्य मी लग्न होऊन शंकर नगरात आले तेव्हापासून ऐकते आहे. वसंतराव ठोंबरे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचे वर्ध्याकडचे, पण नोकरी सगळी इकडे रायपूर-बिलासपूरच्या रेल्वेत झाली. रेल्वेत म्हटलं की लोकांना गाडी आठवते. काकांची नोकरी गाडीतली नव्हती, रुळावरची होती. ती चार चाकांची ढकलट्रॉली असते ना, मागे माणसं ढकलतात आणि पुढे साहेब छत्री धरून बसतो, तिच्यावर बसून यांनी उभी हयात रूळ पाहिले. "गाडी मागून येते," काका सांगतात. "पयले आपण जातो. कुठी काही तुटलं असन तं ते आपल्याले कळलं पाहिजे, पॅसेंजरले नाही." रिटायर होऊन आता इतकी वर्षं झाली, पण माणूस ट्रॉलीवरून काही उतरला नाही.

कॉलनीची पाण्याची टाकी साफ झाली की पहिला ग्लास काका पितात. पिऊन टाकीखालच्या ओट्यावर अर्धा तास बसतात, पोटावर हात ठेवून. बायका बादल्या घेऊन खोळंबलेल्या असतात. "हं, भरा," असा हुकूम झाल्याशिवाय कोणाची नळाला हात लावायची टाप नाही. एकदा त्यांच्या आईला, म्हणजे मायला, डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. काकांनी रिवाजाप्रमाणे पहिली स्वतः घेतली. माय रात्रभर टक्क जागी आणि काका दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळली तरी घोरत. सुमनकाकूंनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून औषधांचा डबा काकूंच्या कुलपात.

आणि रश्मीचं लग्न! रश्मी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. अमरावतीचं स्थळ आलं, मुलगा चांगला, घर चांगलं, पत्रिका जुळली. काका म्हणाले, पोट्टीला जिथे जन्म काढायचा आहे, तिथे मी पयले दोन दिवस काढून पाह्यतो. आणि खरंच गेले हो! व्याह्यांच्या घरी पिशवी घेऊन मुक्कामाला. आमच्याकडे मुलीच्या घरचं पाणी न पिणारे बाप मी पाहिले आहेत, आणि हा बाप लग्नाच्या आधीच मुलीच्या सासरी जेवून, झोपून, आंघोळ करून आला. काकू लाजेने अर्ध्या झाल्या. काका परत आले आणि चपला काढता काढता रिपोर्ट दिला, "गाद्या कडक आहेत, माणसं नरम आहेत. होकार कळवा."

हसायला येतं, पण खरं सांगू का, मी नवी नवी कार शिकले तेव्हा हाच माणूस आठवडाभर माझ्या पुढे स्कूटर घेऊन नवा रायपूरच्या ऑफिसपर्यंत यायचा. मला इतका राग यायचा! एवढा रुंद रिकामा रस्ता, आणि मी एका म्हाताऱ्या स्कूटरच्या मागे रांगत चालले आहे. एका सकाळी वळणावर पाहते तर काका रस्त्यात उभे राहून लाल रुमाल हलवताहेत. रात्रीतून कोणीतरी रस्ता खोदून ठेवला होता, खांब नाही, दगड नाही, काही नाही. मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. काका काचेशी येऊन म्हणाले, "चाल, आता बाजूने काढ." त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा करते, पण दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

तर आता कॅनडाचं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी रश्मी तिकडेच गेली होती. एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि एकदा राहिलेलं टिकलं नव्हतं. ते दुखणं तिने तिकडे एकटीनेच काढलं होतं, आणि काकूंच्या मनातून ते जात नव्हतं. या खेपेला डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. सासूबाई मागच्याच वर्षी वारल्या. नवरा भला, पण नोकरी सोडून किती दिवस घरी बसणार? पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. पोरगी माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरालाच उठून तिकडे जाणं भाग होतं.

पण माहेर म्हणजे दोन माणसं, आणि त्यातलं एकच जाऊ शकत होतं. कारण माय. मायचं वय झालं आहे आणि तिला आता फारसं काही आठवत नाही. एका मुलाला, वसंताला, तेवढी ओळखते. त्याच्याच हातचं खाते. दुसऱ्या कोणी घास पुढे केला तर ओठ घट्ट मिटून घेते. तिला सोडून काका जाऊ शकत नव्हते. उरल्या काकू.

आणि सुमनकाकू कशा? तर गोल बाजारातसुद्धा कधी एकट्या न गेलेल्या. स्कूटरवर काकांच्या मागे बसून जायचं, काकांच्या मागे बसून यायचं. इंग्रजी शाळेपुरतं. विमान आकाशात पाहिलेलं. रश्मीचा फोन ठेवला आणि त्या पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "मी नाही जात बाप्पा. हरवीन मी." मग स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. पोरगी दुसऱ्यांदाही एकटी पडणार, आणि आपण भित्र्या, याचं रडणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी काकांनी कोणाकडून तरी बायकांचा ओव्हरकोट मागून आणला.

तिथून जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत चाललं. कोटाचं वजन पाहून झालं, मग थंडी. आता ऐन उन्हाळ्यात रायपुरात थंडी कुठून आणायची? पण काकांच्या ओळखीचे एक जण भनपुरीकडे आलूचं कोल्ड स्टोरेज सांभाळतात. काका तिथे जाऊन आलूच्या पोत्यांवर बसून आले. तोच कोट, तीच माकडटोपी. बाहेर आले तेव्हा मिशीला दव होतं म्हणतात. घरी येऊन काकूंना म्हणाले, "काही नाही सुमन. नाक गार पडते, बाकी मजेत. एवढे आलू सहा-सहा महिने राहून राहिले, तुले काय होते?" काकू म्हणाल्या, "आलूले पोरगी नाही, जावई नाही, त्याले काय!" पण हसल्या. बातमी आल्यापासून पहिल्यांदा हसल्या, हे मी स्वतः पाहिलं.

मग विमान. त्यांच्या बैठकीत भिंतीला लागून तीन खुर्च्या चिकटवल्या, पुढे दुसऱ्या तीन. मधल्या खुर्चीत काका, कमरेला काकूंच्या जुन्या लुगड्याची पट्टी. खिडकीकडे एक लोड ठेवला, आणि वाटेच्या बाजूच्या खुर्चीत मी. मला सांगितलं, तू गोरी बाई आहे आणि तू झोपली आहे. रविवारची दुपार, मी सुटीच्या दिवशी गोरी बाई होऊन डोळे मिटून बसले आहे, आणि काका माझ्या गुडघ्यांवरून बाथरूमला जायची वाट शोधताहेत. "एक्सक्यूज मी," ते म्हणाले. मी उठले नाही. "एक्सक्यूज मी मॅडम." मी घोरायला लागले. शेवटी काका लुगड्यात पाय अडकून लोडावर आडवे झाले.

"अहो, असं नाही!" स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला. हात पिठाचे. "खांद्याले हात लावून उठवा ना तिले. बाई आहे ते, खाऊन थोडी टाकते! आणि पट्टी सोडा ना आधी."

"कशी? दाखव बरं," काका लोडावरूनच म्हणाले.

काकू आल्या, हात पदराला पुसले, मधल्या खुर्चीत बसल्या, पट्टी सोडली, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "एक्सक्यूज मी," आणि माझ्या बाजूने सुळकन निघून गेल्या. मी काकांकडे पाहिलं. ते लोडाला टेकून मिशीतल्या मिशीत हसत होते. मला तेव्हा कळलं की हा माणूस इतका बावळट नाही. रुळाचं काम केलेला माणूस लुगड्यात पाय अडकून पडतो होय!

मॉलच्या सरकत्या जिन्याचंही तेच. रामकली, म्हणजे मायजवळ दिवसा बसणारी बाई, तिला घरी ठेवून आम्ही तिघं गेलो. काका चढले, उतरले, चढले, उतरले. गार्ड संशयाने पाहायला लागला. तिसऱ्यांदा काका पायरीवर मुद्दाम डगमगले तसं काकूंनी, "थांबा, पडाल तुम्ही!" म्हणून घाईने पाय टाकला आणि वर पोचल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की आपण जिना चढलो. वर उभ्या राहून त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाल्या, "चाला, आता मी पुढे."

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ऑफिसरच्या तालमीत. परदेशात उतरल्यावर जो साहेब कागद पाहतो, तो मी. काकांनी माझ्या नाकावर स्वतःचा चष्मा चढवला. मी जाड आवाजात विचारलं, "व्हाय यू कम टू कॅनडा?"

काकू ताठ बसून म्हणाल्या, "टू वर्क."

काकांनी डोक्याला हात लावला. "अवं, वर्क नाही म्हणायचं! वर्क म्हटलं की ते लोक परत पाठवतात. मुलीले पाहाले आली म्हणायचं."

"पाहाले काय? ते काय ताजमहाल आहे?" काकू तडकल्या. "अहो, बाळंतिणीचं करणं म्हणजे काम नाही का? शेक, शेगडी, बाळाले आंघोळ, तिचं खाणं, रात्रीचं जागणं. मी काय मजा माराले जाऊन राहिली? देवाशपथ, साहेबाशी खोटं नाही बोलणार मी!"

यात तोडगा निघेना. काका दोन दिवस विचारात. काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खरं बोललं तर पोरीपर्यंत पोचणं मुश्कील. शेवटी काकूच एका सकाळी कुंपणावरून मला म्हणाल्या, "प्रज्ञा, माझ्या पोरीजवळ राहाले आली, असं इंग्रजीत कसं म्हणायचं? ते तं खरं आहे ना?" मी सांगितलं. कणीक मळताना, मायची कूस बदलताना, तुळशीला पाणी घालताना त्या ते म्हणत राहिल्या. टू स्टे विथ माय डॉटर. रामकलीसुद्धा शिकली. पोछा मारता मारता म्हणायची.

सप्टेंबरात व्हिसा आला, आणि काकू म्हणाल्या, मला डिंक, खारीक, अळीव आणायला गोल बाजारात जायचं आहे. एकटीला. काका म्हणाले, "जा ना. मी मायजवळ बसतो." इतकं सहज म्हणाले की मला तिथेच शंका यायला हवी होती. काकू कॉलनीच्या गेटवरून ई-रिक्शात बसल्या. थोड्या वेळाने माझ्या दारावर टकटक, रामकली उभी. "दीदी, काका तो पहिलीच निकल गे."

पाठलाग करणारे नवरे जगात पुष्कळ असतील. हा नवरा बायकोच्या रिक्शाच्या पुढे गेला! डोक्याला हेल्मेट, तोंडाला गमछा, आणि प्रत्येक चौकात रिक्शाच्या आधी हजर. काकूंनी पहिल्या चौकात पाहिलं तेव्हा त्यांना स्कूटर ओळखीची वाटली. दुसऱ्या चौकात गमछा ओळखीचा वाटला. गोल बाजारात डिंकाच्या दुकानापाशी पोचल्या तर हा गमछेवाला आधीच दुकानदाराला विचारत होता, "एक बाई येऊन राहिली, तिले चांगला दाखवजो."

काकू म्हणाल्या, "अहो, हेल्मेट काढा. घामोळं येईन."

संध्याकाळी दोघं घरी आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा काकू डिंक निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विमानाच्या पुढे जाता येते का तुमच्याने?"

काका डिंकाचा एक खडा उजेडात धरून पाहायला लागले.

"मंग आतापासून सवय करा. उद्यापासून मी एकटी जाणार. तुम्ही मायजवळ बसाचं."

आणि खरंच, पुढच्या दिवसांत काकू एकट्या कुठे कुठे जाऊन आल्या. बँकेत, टेलरकडे, स्टेशनवर आलेलं पार्सल आणायला. काका फाटकाशी उभे. चेहरा असा की परीक्षा आपली आणि पेपर दुसराच कोणी लिहितो आहे. पण काकू परत येऊन काही सांगायला लागल्या की ऐकताना त्यांचे डोळे जे चमकायचे! रस्त्याने जो भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "सुमन एकटी जाऊन आली." भाजीवाला छत्तीसगढी. तो बिचारा काय समजणार, "हव, हव" म्हणून गाडी पुढे न्यायचा.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि दोघांना विमानतळावर घेऊन गेले. काका माझ्या शेजारी, काकू मागे, मांडीवर कोट. नवा रायपूरचा रस्ता लागेपर्यंत काकांच्या सूचना सुरू होत्या. बोर्ड कुठला पाहायचा, पाणी कुठे सोडायचं, चष्मा कधी काढायचा. मग एकाएकी त्यांच्याजवळच्या सूचना संपल्या. बाहेर पाहत बसले.

दारापाशी गाडी थांबली. काकांनी ढकलगाडी आणली, आधी स्वतः थोडी ढकलून पाहिली, मग काकूंच्या हाती दिली.

"मायच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या," काकू म्हणाल्या. "रामकलीले सुटी देऊ नका. आणि जेवत जा, मायले चारता चारता स्वतःचं राहून जाते तुमचं."

"हो," काका म्हणाले. "तू समोर पाहजो. मागे नोको पाहजो. मागे पाहलं की माणूस गोंधळते."

काकूंनी मान हलवली. वाकून त्यांच्या पायाला हात लावला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि चालायला लागल्या. दारावरच्या जवानाने सांगायच्या आत त्यांनी चष्मा काढून तोंड वर केलं होतं.

बाहेरच्या काचेला आम्ही दोघं नाक लावून. काकांची कॉमेंट्री सुरू. "हं, लाइन बरोबर धरली. बॅग उचलू दे त्याले, तू नोको उचलू. शाब्बास! आता पास घेईन. घेतला. पर्समध्ये नोको ठेवू, हातात... हातातच ठेवला पाहा!" शेजारी कोणाला तरी सोडायला आलेला माणूस म्हणाला, "अंकल, पहली बार जा रही हैं?" काका म्हणाले, "हां. बिलकुल अकेली." छाती इतकी फुगली होती की तो कोट आता त्यांच्या अंगात शिरलाच नसता.

काकू पुढे पुढे गेल्या. ताठ चालत होत्या, गुडघा दुखत असणार तरी. एक वळण आलं, तिथून त्या दिसेनाशा झाल्या. एकदाही वळून पाहिलं नाही.

काका काचेपासून हलले नाहीत.

"चला काका," मी म्हटलं.

"थांब ना जरा. काही विसरली असन तं येईन परत."

"काय विसरतील? बॅग तर तुम्हीच भरली."

"हो. ते तं आहे," म्हणाले. पण हलले नाहीतच. विमान उडेपर्यंत आम्ही तिथेच उभे. मी त्यांना चहा आणून दिला, तो हातात तसाच निवला.

गाडी नवा रायपूरच्या रस्त्याला लागली तसे काका म्हणाले, "तुले एक सांगू, बेटा? मले वाटलं होतं, आयत्या टायमाले एकदा तरी म्हणन, अहो, भेव वाटते, तुम्हाले सोडून नाही जात. मी काही थांबवलं नसतं तिले. रश्मीजवळ तं जालेच पाहिजे. मीच ढकललं असतं आत. पण एकदा म्हणाले पाहिजे होतं." मग हसले. मला ते हसणं पाहवेना. "इतकं पक्कं शिकवाले नोको होतं मी."

मी आपली गाडी चालवत राहिले, आणि रस्त्यावर आमच्या पुढे कोणीच नव्हतं.

संध्याकाळी मी भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले, तेवढ्यात दिल्लीहून फोन आला. काकांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. "सापडलं हो पुढच्या विमानाचं दार," काकू सांगत होत्या. मागे कसकसल्या घोषणा चालू होत्या. "तुम्ही सांगतलं त्याहून सोपं आहे सगळं. उगाच भेव घातलं होतं तुम्ही. एक गुजराती बाई आहे सोबतीले, तिले काहीच येत नाही, मीच सांगून राहिली तिले. मायने खाल्लं का? बरं ठेवते, लाइन लागली." फोन बंद.

काका फोनकडे पाहून म्हणाले, "सोपं आहे म्हणते." मग मायसाठी केलेला मऊ भात वाटीत घेऊन तिच्या खाटेवर बसले. मी दाराशी उभी होते. त्यांनी भात कालवला, फुंकर घातली, पहिला चमचा जिभेला लावून पाहिला, मग तिला भरवला. दोन घास तिने खाल्ले आणि तिसऱ्याला थांबली. खोलीत इकडे तिकडे पाहायला लागली.

"वसंता, ते घरातली बाई दिसून नाही राहिली. कुठी गेली?"

"बाजारात गेली, माय. येते आता."

मायने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचा तो काडीसारखा हात पांघरुणातून बाहेर आला. तिने काकांच्या मिशीवरून, गालावरून तो फिरवला आणि बोटं ओली झाली तशी पांघरुणाला पुसली.

"बाजारात गेली तं रडून काहून राहिला रे पोट्ट्या?" ती म्हणाली. "येईन ना ते."